कवळीकरांची टाळू

त्यांना सगळे कवळीकर म्हणत. खरे आडनाव दुसरेच होते, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. दातांच्या दवाखान्याच्या मागल्या खोलीत, प्लास्टरची पोती, मेणाच्या लाद्या आणि पॉलिशचे चाक यांच्यामध्ये बसून हा गृहस्थ एकतीस वर्षे लोकांचे दात घडवत होता. तोंडाचे माप डॉक्टर घेत, कवळी कवळीकर करत आणि पेशंट आभार मानत ते डॉक्टरांचे. या अन्यायाचा उच्चार दिवसातून एकदा तरी झाल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. कवळी नीट बसली तर ती त्यांची कला. टोचली तर डॉक्टरांनी माप वाकडे घेतलेले. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण त्यांच्या तोंडी सदैव असे, अर्थात इतरांसाठी.

हात मात्र चांगला होता, हे कबूल करायलाच हवे. पुढच्या दातांपैकी एखादा किंचित तिरपा ठेवायचा, म्हणजे कवळी कवळीसारखी दिसत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. हिरड्यांच्या गुलाबी रंगात ते अगदी जराशी लाल छटा मिसळत. पॉलिश असे करत की कवळीत खिडकी दिसावी. फक्त बाहेरून. आतली बाजू, जी टाळूला चिकटते, तिला पॉलिश करायचे नसते; तिथली प्रत्येक वळी जशीच्या तशी राहायला हवी, नाहीतर पकड जाते. हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, जणू देवाने टाळू घडवताना त्यांनाच विचारले होते.

संध्याकाळी घरी आले की जेवणाच्या टेबलावर त्यांचा खेळ सुरू होई. आज कोण कोण बिनदाताचे आले, ओठ आत कसे गेले, हनुवटी नाकाला भेटायला कशी निघाली, याच्या नकला. जज्जसाहेबांच्या बायकोची नक्कल सगळ्यांत गाजलेली. बाई खुर्चीत बसल्या, जुन्या कवळ्या काढून ठेवल्या आणि “मला खरपूस टोस्ट खायचाय” असे म्हणाल्या, एवढाच प्रसंग. पण कवळीकर ओठ असे आत ओढून घेत की नाडी आवळलेला बटवा डोळ्यांपुढे यावा. बायको हसत असे. ती टेलिफोन ऑफिसात पंचवीस वर्षे काढून निवृत्त झाली होती आणि हसण्याच्या बाबतीत चोखंदळ होती, पण या नकलेला ती हटकून हसे. त्या हसण्यावर कवळीकर जगत होते म्हटले तरी चालेल.

पुढे त्यांचे स्वतःचे दात हलू लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्यांचे दात घडवण्याच्या नादात आपल्या हिरड्यांकडे बघायला यांना सवड झाली नव्हती. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वरचे सगळे दात काढायची वेळ आली तेव्हा बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. कवळीकरांनी आधीच कवळी तयार करून ठेवली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सकाळी दात काढले आणि त्याच बैठकीत कवळी बसवली. अशी कवळी पहिले चोवीस तास काढायची नसते. कवळीकरांनी ते चोवीस तास सतरा वर्षे लांबवले.

बायकोला कवळी आहे हे ठाऊक होते. ती काही आंधळी नव्हती. पण कवळीशिवायचा नवरा तिने कधी पाहिला नाही. जेवणानंतर कवळीकर मोरीचे दार लावून घेत, आरशाकडे पाठ करत, कवळी काढून बाहेरच्या बाजूने ब्रश फिरवत आणि अर्ध्या मिनिटात परत बसवत. झोपत ते कवळी घालूनच. कारण उघड होते. सतरा वर्षांपूर्वीही आणि आजही जेवणाच्या टेबलावर त्या बटव्याची नक्कल चालूच होती. ज्याची टिंगल करून आपण बायकोला हसवले, तेच तोंड तिच्यासमोर उघडायचे? त्यापेक्षा जीव गेला तरी बेहत्तर.

आणि याच माणसाने खोलीच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘कवळी रात्री काढावी. घासून पाण्यात ठेवावी. टाळूला विश्रांती द्यावी.’ प्रत्येक पेशंटला ते ही पाटी बोट ठेवून वाचून दाखवत. एका निवृत्त शिक्षिकेने एकदा विचारले की, तुम्ही स्वतः काढता का रोज? कवळीकरांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने स्वयंपाक्याला हात धुतलेत का विचारले होते.

मग सतराव्या वर्षी, थंडी सुरू होताना, टाळू हुळहुळू लागली.

त्यांनी मोरीत हातआरशात पाहिले. टाळू लाल होती, आणि लालीची कड कवळीच्या कडेबरोबर अशी जुळत होती की पेन्सिलीने आखल्यासारखी. दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. पण कवळी करणाऱ्याच्या लेखी तोंडातले प्रत्येक दुखणे हे मापाचे दुखणे असते. त्यांनी निदान केले: कवळी दाबते. दुपारी खोलीचे दार लावून त्यांनी आतली बाजू खरवडली. आठ दिवसांनी लाली वाढली. निदान दुसरे: हाड झिजले, कवळी सैल झाली. म्हणून आतून मऊ रबरासारखे अस्तर बसवले. तीन दिवस बरे वाटले, मग आग होऊ लागली. त्यानंतर ओठांचे कोपरे फाटले. हे तर पुस्तकातलेच लक्षण होते त्यांच्या मते: दातांची उंची कमी पडली की जबडा जास्त मिटतो आणि कोपऱ्यात लाळ साचते. त्यांनी उंची दोन मिलिमीटर वाढवून नवी कवळी केली, घाईघाईने, पेशंटच्या दोन कवळ्यांच्या मधल्या वेळात, आणि आतून तेच मऊ अस्तर लावले.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, “तुमचा ‘स’ बदललाय.”

पंचवीस वर्षे कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईपुढे दोन मिलिमीटर कुठे लपणार? कवळीकरांनी सर्दीवर ढकलले. बायकोने मान हलवली. तिला सर्दीचा ‘स’ही ठाऊक होता.

तोंडाला आता विचित्र चव होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी. ती मारायला कवळीकर पेपरमिंटच्या गोळ्या चघळू लागले; एक संपली की दुसरी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गिळताना घसा दुखला म्हणून औषधाच्या दुकानातून जंतू मारायच्या कॅप्सूल आणल्या, कुणालाही न विचारता. त्यांच्या मते औषधे देण्यात काय मोठे, डॉक्टर लोक तेवढेच तर करतात. पाच दिवसांनी गालाच्या आत पांढरे थर दिसू लागले, फाटलेल्या दुधासारखे. बोटाने पुसले तर खाली लाल, रक्ताळलेली कातडी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे आयुष्यभर बोलणाऱ्या माणसाला आता जीभ टाळ्याला लावण्याचीही सोय राहिली नाही.

जेवण कमी झाले. शर्टाची कॉलर सैल दिसू लागली. बायकोने काही न बोलता दोन शर्टांची बटणे आत सरकवली. तिसरा शर्ट घेऊन बसली आणि सुई ओवता ओवता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “तोंडात काय झालंय ते मला सांगू नका हवं तर. पण कुणाला तरी दाखवा. मला उगाच नाही नाही ते मनात येतं.”

नाही नाही ते कवळीकरांच्याही मनात येत होते. पण त्यांनी दुसरेच ठरवले: दोष पावडरीचा आहे. कवळीची गुलाबी पावडर नव्या कंपनीची होती, तीच निकृष्ट असणार. कंपनीवर तक्रार करायची आणि तिच्यावर डॉक्टरांची सही घ्यायची.

डॉक्टर आता म्हातारे राहिले नव्हते. म्हणजे ते वारले होते आणि दवाखाना त्यांची मुलगी चालवत होती. कवळीकरांनी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेले, त्यामुळे पेशंटसमोरसुद्धा ते तिला ‘बेबी’ म्हणत. तिने दोनदा सांगून पाहिले, मग सोडून दिले. तक्रारीचे पत्र तिने शेवटपर्यंत वाचले. त्यात ‘अक्षम्य’ हा शब्द चार वेळा होता.

“सही करते काका,” ती म्हणाली. “पण टाळूला इजा झाली असं लिहिलंय, तर ती टाळू मला बघायला हवी.”

आपणच खणलेल्या खड्ड्यात माणूस कसा उभा राहतो, ते त्या वेळी कवळीकरांकडे बघून कळले असते. ते आधी फोटो आणतो म्हणाले. मग उद्या येतो म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी उठून दाराला कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि खुर्ची दाखवली. मदतनीस बाईलासुद्धा तिने आधीच बाहेर पाठवले होते. हे कवळीकरांच्या लक्षात आले, आणि आपण जिला पोर समजतो तिला आपल्याबद्दल नको तितके कळते, या विचाराने त्यांचा फार संताप झाला. त्यांनी तोंडावर हात धरून कवळी काढली.

तिने आत पाहिले. चिमट्याने पांढरा थर थोडा खरवडला. कवळी हातात घेऊन आतले मऊ अस्तर नखाने दाबले, वास घेतला.

“रात्री काढता?”

कवळीकर छताकडे बघत राहिले.

“किती वर्षं?”

त्यांनी बोटांनी दाखवले. एकदा दहा, एकदा सात. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा कागदावर लिहून घेतला, आणि ते लिहिणे एखाद्या शिवीपेक्षा जास्त लागले.

समोरच्या खोलीत रक्त तपासणीची लॅब होती. तिथे जाताना कवळीकर तोंडाला रुमाल लावून चालले. काचेवर कवळीच्या आतल्या बाजूचा खरवडा पसरून, औषध टाकून, डॉक्टरीणबाईंनी “बुरशी आहे, बघा” म्हणून त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले. बुरशी पावावर येते, माणसाच्या तोंडात नाही, असे रुमालाआडून सांगून त्यांनी एक डोळा मिटला.

दिसले ते अंड्यासारखे लांबट गोल ठिपके, आणि ठिपक्यांतून फुटलेले धागे, एकमेकांत गुंतलेले, जणू कुणी दोऱ्याचे रीळ विस्कटून टाकले होते.

“ते गोल दिसतायत ना, ते माझ्याही तोंडात असतील,” ती म्हणाली. “किती तरी निरोगी माणसांच्या असतात. निमूट असतात बिचारे. बाकीचे जंतू त्यांना डोकं वर काढू देत नाहीत, लाळ त्यांना धुऊन काढते. तुम्ही काय केलंत? टाळूवर सतरा वर्षं झाकण ठेवलंत, लाळ आत जायला नको. गोळ्या चघळून साखर घातलीत. कॅप्सूल घेऊन राखणदार जंतू मारलेत. आणि राहायला मऊ गादी करून दिलीत.”

गादी म्हणजे ते अस्तर. तिने सांगितले की ही बुरशी नुसती असली म्हणून कुणाचे बिघडत नाही. तिचे रूप बदलते तेव्हा बिघडते. एकदा का पृष्ठभागाला चिकटली की गोल पेशीतून धागा निघतो. तो धागा कातडीच्या पेशींत घुसतो. पेशींमधली प्रथिने विरघळवणारे रस सोडतो, आणि एक विष, ज्याने पेशीच्या भिंतीला भोके पडतात. कवळीवर मात्र ती थरावर थर चढवून, स्वतःभोवती चिकट आवरण विणून बसते. मग चूळ भरा, औषध लावा, आतल्यांना पत्तासुद्धा लागत नाही. टाळू बरी होते, आणि कवळीवरची मंडळी परत टाळूवर उतरतात.

“आतली बाजू पॉलिश नसते, नाही का काका? प्रत्येक वळी, प्रत्येक छिद्र. तुम्हीच सांगता.”

कवळीकरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. दिसायचे ते त्यांना दिसले होते. नव्या कवळीचा खरवडा होता तो, आणि त्यात अस्तराचे सूक्ष्म तुकडे होते, भोकाभोकांचे, प्रत्येक भोकातून धागा बाहेर आलेला. साच्यात घालून घाईत शिजवलेल्या मालाला अशी भोके पडतात. दुसऱ्या कुणाच्या कवळीला एक भोक दिसले तर हे ती टेबलावर आपटून ‘ही कवळी आहे की चाळणी’ असे विचारायचे. आणि माप? एकतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या टाळूचा इतका हुबेहूब ठसा घेतला नव्हता, जितका या बुरशीने त्यांच्या टाळूचा घेतला होता. धंद्यातल्या माणसाला दाद दिल्याशिवाय राहवेना. ती त्यांनी मनातच दिली.

डॉक्टरीणबाईंनी साखरेची तपासणी लिहून दिली, ती ठीक निघाली. तोंडात धरायचे थेंब दिले, कोपऱ्यांना मलम दिले. जुनी आणि नवी, दोन्ही कवळ्या बाद केल्या. नवी करायची ती टाळू पूर्ण बरी झाल्यावर. तोवर दोन आठवडे तोंड रिकामे.

“दिवसासुद्धा?” कवळीकरांनी विचारले.

“दिवसासुद्धा. आणि काका, घरी काकूंना सांगा. त्यांनी मला दोनदा फोन केला. कॅन्सर आहे का विचारत होत्या.”

घरी जाताना कवळीकरांच्या खिशात बाद झालेली कवळी होती. जिन्यात थांबून त्यांनी ती बसवली. दुखत होते. दाराशी पोचेपर्यंत त्यांनी ठरवले की बायकोला औषधाचे सांगायचे, दोन आठवड्यांचे नाही. रात्री काढू, अंधारात, तिच्याकडे पाठ करून. तिला काय कळणार?

ती टेबलाशी बसली होती. समोर दुधाची वाटी आणि पाव. ते येण्याआधीच मऊ खाणे मांडून ठेवले होते, आणि बाजूला एक झाकणाची वाटी, रिकामी. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळे सांगितले होते, हे वाटीनेच सांगितले.

कवळीकर बसले. म्हणाले, फार काही नाही, जरा बुरशी आहे. पावडर निकृष्ट.

बायको म्हणाली, “महिनाभर मी रात्री जागून तुमचा श्वास मोजतेय, आणि तुम्ही पावडर म्हणताय. लाज नाही वाटत?”

मग कवळीकरांनी, यावेळी हात आडवा न धरता, अंगठ्याने कवळी सैल केली, बाहेर काढली आणि वाटीत ठेवली. ओठ आत गेले. हनुवटी वर आली. ते समोरच्या भिंतीकडे बघत तिच्या हसण्याची वाट पाहू लागले. पंचवीस वर्षे हे हसणे त्यांनी दुसऱ्यांच्या नावावर मिळवले होते; आज ते त्यांच्या खात्यात येणार होते.

बायकोने चष्मा लावला. नीट, सावकाश पाहिले, दुकानात कापड पाहावे तसे.

“जज्जसाहेबांच्या बायकोची नक्कल करा ना,” ती म्हणाली. “आज तरी बरी जमेल.”

कवळीकरांना वाटले की उठून जावे. पण भूक लागली होती, आणि जायचे कुठे? त्यांनी ओठ आत ओढले. ओढायला फारसे काही लागले नाही. “मला खरपूस टोस्ट खायचाय,” ते म्हणाले. शब्द भलतेच ओले आणि बोथट निघाले. एका क्षणात त्यांना कळले की इतकी वर्षे आपण ही नक्कल चुकीची करत होतो. त्या बाई विनोदी बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर टोस्ट खायचा होता.

बायको हसली नाही. तिने पावाचा तुकडा दुधात बुडवून बशीत त्यांच्यापुढे सरकवला. “त्या बाईंना तुमच्यापेक्षा बरं शोभत होतं,” एवढेच म्हणाली, आणि वाटीवर झाकण ठेवले.

सोळा दिवसांनी टाळू फिकट गुलाबी झाली. कवळीकरांनी स्वतःची कवळी दोन दिवस खपून, शिजवताना घड्याळ समोर ठेवून केली. अस्तर लावले नाही. आता ती रात्री झाकणाच्या वाटीत, बायकोच्या चष्म्याशेजारी असते, आणि चष्मा आधी ठेवायचा की वाटी यावरून त्यांची रोज कुरबुर होते.

स्वभावाला मात्र औषध नाही. हल्ली ते पेशंटला बुरशीचे सगळे प्रकरण असे ऐकवतात, जणू तिचा शोध यांनीच लावला. बेबीला यातले काय कळते, असेही सुचवतात. मग खणातून बाद झालेली नवी कवळी काढतात. करवतीने मधोमध कापलेली, आतली भोके दिसतील अशी. पेशंटच्या नाकाखाली धरतात.

“कुणाची ही?” पेशंट विचारतो.

“होता एक गाढव,” कवळीकर सांगतात, आणि पाटीवर बोट ठेवतात.